निसर्गाच्या सोबतीची वास्तू



आधुनिक घर म्हणजे काचेची भिंत आणि वातानुकूलन यंत्र, हे समीकरण आपल्या मध्यमवर्गाने फारशी चिकित्सा न करता स्वीकारले आहे. युरोपच्या थंडीत, जिथे उन्हाचा कवडसाही हवाहवासा वाटतो, तिथे काच शहाणपणाची. आपल्याकडे वैशाखात तीच काच घराची भट्टी करते.

बाळकृष्ण दोशी यांनी हे ओळखले होते. १९२७ साली पुण्यात, लाकडी सामान घडविणाऱ्या कुटुंबात जन्मलेले दोशी पॅरिसला ल कॉर्ब्यूझिए यांच्या हाताखाली शिकले. त्या गुरूचे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले. पण अनुकरणात ते अडकले नाहीत. अहमदाबादेत १९८० साली उभे राहिलेले त्यांचे कार्यस्थळ ‘संगाथ’ (म्हणजे सोबत) पाहावे. वास्तूचा बराचसा भाग जमिनीच्या पोटात. कमानदार छपरांवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचे आच्छादन, त्यामुळे ऊन आल्या वाटेने परत फिरते. छपरावरचा पाऊस पन्हळींतून खेळत अंगणातील कुंडात उतरतो. येथे काँक्रीट आहे, गणित आहे. जुन्या वाड्याची नक्कल मात्र कुठेही नाही. तरीही वाड्याचा चौक ऊन-पावसाशी जे नाते राखून होता, तेच येथे नव्या रूपात भेटते.

२०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले, तेव्हा कुठे त्यांचे नाव सामान्य घरांपर्यंत पोहोचले!

सदनिका घेताना फरशीचा रंग आपण दहादा पाहतो. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आहे का, समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा फिरतो का, हे बांधकाम व्यावसायिकाला कितीजण विचारतात?