आजन्म शेतकरी कोण?

आज आपण जरा लांबच्या गावाला जाणार आहोत. अमेरिकेच्या मधल्या भागात मिनेसोटा, आयोवा, डकोटा अशी राज्यं आहेत. तिथं मका, गहू, सोयाबीन पिकतो आणि दुभती जनावरंही पुष्कळ. दीडशे वर्षांपूर्वी नॉर्वे, स्वीडन, जर्मनी या देशांतून पोटासाठी आलेल्या लोकांनी तिथली बरीचशी खेडी वसवली. हे लोक ल्युथरन पंथाचे ख्रिस्ती. मार्टिन ल्युथर या जर्मन धर्मसुधारकाच्या नावावरून हा पंथ ओळखला जातो. गावात एक चर्च, त्याच्या शेजारी दफनभूमी आणि भोवती शेतं, अशी ही गावं.

तिथं माणूस वारला की गावच्या वर्तमानपत्रात त्याच्या आयुष्याची हकिकत छापतात. जन्म कुठला, कुठल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, लग्न कधी, मुलंबाळं किती. पुरुष असेल तर पुष्कळदा दोन शब्द येतात : आजन्म शेतकरी. त्याच शेतात राबलेल्या बायकोला मात्र बहुतेक वेळा ‘गृहिणी’ किंवा ‘शेतकऱ्याची पत्नी’ म्हणतात. हा फरक कुठून आला, ते आज पाहू.

१९२५ च्या सुमारास अशा गावात जन्मलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. ही कुणा एकीची गोष्ट नाही, तशा हजारो होत्या. शाळेत जाण्याआधी गाईंच्या धारा काढायच्या. चौदा-पंधराव्या वर्षी ल्युथरची प्रश्नोत्तरी तोंडपाठ करून सगळ्या मंडळीसमोर उत्तरं द्यायची. पुढं लग्न शेतकऱ्याशीच. मग धारा, कोंबड्या, भाजीचा मळा, हिवाळ्यासाठी बरण्या भरून ठेवणं, मुलं आणि सुगीत शेतातलं काम. मळणीचं यंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरे आणि शेजारी एकमेकांच्या मदतीला येत, आपल्या इर्जिकीसारखे. त्या पंधरा-वीस गड्यांचा स्वयंपाक घरच्या बाईकडे.

पाणी हातपंपाचं, बादल्यांनी वाहायचं. १९३५ मध्ये तिथल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. पुढं शेतकऱ्यांनी सरकारी कर्ज घेऊन वीज सहकारी संस्था काढल्या, तारा ओढल्या, तेव्हा कुठं बाईच्या हातातली बादली सुटली.

आता पैशाचं बघा. धान्याचा पैसा नवऱ्याचा, अंड्यांचा आणि लोण्याचा बाईचा, अशी रीत होती. शनिवारी अंडी दुकानात द्यायची आणि साखर, कॉफी, कापड आणायचं. १९३० नंतरच्या मंदीत धान्याचे भाव कोसळले, तेव्हा कितीतरी घरं या अंड्यांच्या पैशावर तगली. पशुखाद्याच्या छापील सुती पोत्यांचे मुलींना झगे शिवले जात. तरी त्या पैशाला नाव काय? ‘वरखर्चाचा पैसा’!

चर्चमध्येही तेच. कितीतरी ठिकाणी मंडळीच्या सभेत बायकांना बरीच वर्षं मत नव्हतं. पण त्यांचं स्वतःचं मंडळ होतं, आपल्या बचत गटासारखं महिन्याला भरणारं. त्या शिवणकाम करत, जेवणावळी घालत, वस्तू विकत. त्यातून चर्चचं छप्पर, शेगडी, बाजाची पेटी येई. खर्चाचा ठराव पुरुषांच्या सभेत, पैसा बायकांच्या डब्यातला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ पासून, या मंडळांनी शिवलेल्या गोधड्या ल्युथरन मदतसंस्थेमार्फत परदेशातल्या संकटग्रस्तांना जाऊ लागल्या. ते काम अजून चालू आहे.

आणि जमीन? १८६२ च्या कायद्यानं तिथं कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. एकवीस वर्षांवरची अविवाहित बाई किंवा विधवा स्वतःच्या नावानं अर्ज करू शके. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला सहसा तो हक्क नव्हता, कारण घराचा प्रमुख नवरा.

याचा खरा चटका नवरा गेल्यावर बसे. तिथं वारशावर केंद्र सरकारचा कर होता. १९७० नंतर जमिनीचे भाव चढले आणि साध्या शेतकऱ्याचं शेतही त्या करात सापडलं. जमीन दोघांच्या नावावर असली तरी ती गेलेल्या नवऱ्याचीच धरत. आपला पैसा त्यात होता, हे बाईनं कागदानं दाखवायचं. चाळीस वर्षं काढलेल्या धारांची पावती कुठून आणणार? बायको आधी गेली तर नवऱ्याला मात्र असा पुरावा देणं सोपं, कारण बँकेचे आणि विक्रीचे कागद त्याच्याच नावाचे. कर भरायला काही बायकांना जमीन विकावी लागली.

नेब्रास्का राज्यातल्या डोरिस रॉयल या शेतकरी बाईनं याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. शेजारणींपासून सुरुवात झाली आणि ती देशभर पसरली. १९७६ मध्ये कायद्यात थोडी सुधारणा झाली. १९८१ च्या कायद्यानं नवरा-बायकोमधल्या वारशावरचा हा करच गेला.

मोजणीची गोष्टही अशीच. शेतकरी पुरुष आहे की बाई, हे अमेरिकेच्या शेतीगणनेत १९७८ मध्ये पहिल्यांदा विचारलं गेलं. एका शेतामागं एकाच शेतकऱ्याची माहिती घेत. २००२ पासून तिघांपर्यंत आणि २०१७ मध्ये चौघांपर्यंत घेऊ लागले. २०१७ मध्ये शेतकऱ्यांत ३६ टक्के बायका निघाल्या. त्या काय एका रात्रीत शेतकरी झाल्या? राबत होत्याच, कागदावर आता आल्या.

मैत्रिणींनो, आपल्याकडं वेगळं काय आहे? खुरपणी, लावणी, वेचणी आपली. सातबाऱ्यावर नाव त्यांचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला, तेव्हा गावोगावच्या नवऱ्यांनी आपखुशीनं बायकोच्या नावावर जमीन केली. म्हणजे हे होऊ शकतं.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन या. आपलं नाव आहे का, ते एकमेकींना वाचून दाखवा. नसेल तर नवऱ्याच्या संमतीनं नाव लावता येतं का, याची तलाठ्याकडं चौकशी गटानं मिळून करा. एखादीचा नवरा वारला असेल तर वारस नोंद झाली का, ते आधी बघा. गटाच्या कर्जातून घेतलेल्या बियाण्या-खताची पावती आणि डेअरीचं खातं आपल्या नावावर करून घ्या. उद्या कुणी विचारलं, ‘या शेतात तुमचं काय?’ तर हातात कागद हवा.

आणि कुणी आपला धंदा विचारला तर ‘घरीच असते’ म्हणू नका. शेतकरी आहे, म्हणून सांगा.