घुबडाचे छायाचित्र आणि सांजेचा उजेड

घुबडाचे छायाचित्र घेताना उजेड कमी पडतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की तो कमी उजेड हाच त्या छायाचित्राचा अर्धा विषय आहे, आणि फ्लॅशने किंवा बॅटरीच्या झोताने तो पुसून टाकणारे चित्र पक्षी खरा दाखवीत असले, तरी संध्याकाळ खोटी दाखवते. घुबडांच्या जाती, त्यांची बिनआवाजी भरारी आणि उंदीर टिपून ती शेतकऱ्याचे करीत असलेले काम बीदर जिल्ह्यातील खटकचिंचोळीच्या श्रोत्यांना ठाऊक आहेच, त्यामुळे त्याचा विस्तार येथे नको. 'घुबड' हा शब्द उच्चारताच सभागृहात हशा पिकला तोही अपेक्षितच होता, कारण या सीमाभागात दोन्ही भाषांनी या पक्ष्यावर अन्याय केला आहे: मराठीत त्याचे नाव शिवीसारखे वापरतात, तर कन्नडमध्ये दुसऱ्यावर ठपका ठेवण्याला 'गूबे कूरिसुवुदु', म्हणजे त्याच्यावर घुबड बसवणे, असे म्हणतात.

सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंश उतरेपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात, आणि बीदरच्या अक्षांशावर तो जेमतेम २२ ते २४ मिनिटे टिकतो. निरभ्र आकाशाखाली एवढ्या अवधीत उजेड सुमारे ४०० लक्सवरून (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) ३-४ लक्सवर येतो, म्हणजे शंभरपटीने घटतो. उजेड निम्मा होण्याला छायाचित्रकार एक 'स्टॉप' म्हणतात. येथे जवळजवळ ७ स्टॉप जातात, म्हणून भिंगाचे छिद्र आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, तीच ठेवली, तर सूर्यास्ताला १/२५० सेकंदात उमटणाऱ्या चित्राला शेवटी अर्धा सेकंद द्यावा लागतो.

अर्धा सेकंद फार वाटतो, पण पिंगळा, म्हणजे ठिपकेदार छोटे घुबड, तेवढा वेळ देतो. जुन्या चिंचेच्या ढोलीच्या तोंडाशी तो आधी नुसता चेहरा आणून ठेवतो, पांढऱ्या भुवयांखालचे पिवळे डोळे अर्धवट मिटलेले आणि अंगावरचे ठिपके सालीत मुरलेले असतात. मग जवळच्या फांदीवर येऊन तो पिसे फुलवतो, एक पंख आणि एक पाय ताणतो, आणि पहिल्या शिकारीला निघण्यापूर्वी काही क्षण निश्चल बसतो. तिवईवर, किंवा जोंधळे भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवलेल्या कॅमेऱ्याला तेवढे क्षण पुरतात. घुबडाचे डोळे नळीसारखे, खोबणीत घट्ट बसलेले असल्यामुळे घुबड मान खालीवर करून अंतर जोखते. मात्र कॅमेऱ्याकडे टक लावून ते असे करू लागले, तर ती अस्वस्थतेची खूण समजून निमूटपणे मागे सरावे.

फ्लॅशने घुबडाचे डोळे जातात काय, असा प्रश्न मागील रांगेतून आला. तसा दावा येथे केलेला नाही, आणि मूळ आग्रहाला त्याची गरजही नाही. हा आग्रह नोंदीच्या सचोटीचा आहे, आणि तो समजण्यासाठी रानपिंगळा या दुसऱ्या छोट्या घुबडाच्या नोंदींकडे वळणे भाग आहे.

या पक्ष्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये मिळाला आणि पक्षीशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात आणखी नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. संग्रहालयातील नमुन्याला एक चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावर स्थळ व तारीख असते, आणि चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे नुसते पेंढा भरलेले कातडे. पक्ष्यांचे संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या रानपिंगळ्याच्या एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ सालचे गुजरातमधील मांडवी लिहिलेले होते, आणि त्या नोंदीच्या भरवशावर शोध चुकीच्या जागी होत राहिला. तो नमुना वास्तविक डेव्हिडसन यांच्याच संग्रहातून चोरून, नव्याने भरून सजवलेला होता. ही लबाडी ओळखून पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी खोटी नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या स्थळांकडे मोर्चा वळवला, आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशातील शहाद्याजवळ त्यांना पक्षी दिसला, तोही सकाळच्या स्वच्छ उन्हात, कारण रानपिंगळा दिवसा वावरतो. ११३ वर्षांनंतरच्या त्या दर्शनाची छायाचित्रे तिथल्या तिथे घेतली गेली. त्यांच्यात ऊन होते आणि ते ऊन खरे होते. सांजेला फ्लॅशने घेतलेल्या पिंगळ्यामागे मात्र मध्यरात्रीचा काळोख उमटतो, आणि ती चिठ्ठीवरची खोटी वेळ ठरते.

वेळ संपल्याची सूचना व्यासपीठावर आलेली असल्याने गव्हाणी घुबडाची, म्हणजे गुरांच्या गव्हाणीवरून नाव मिळालेल्या पांढऱ्या तोंडाच्या पक्ष्याची, पारदर्शिका आज दाखवता येणार नाही. तात्पर्य एवढेच, की नमुन्याच्या चिठ्ठीप्रमाणे चित्राखाली तारीख, सूर्यास्तानंतरची मिनिटे आणि उजेड निसर्गाचाच असल्याचा उल्लेख अवश्य असावा. स्थळाचे मात्र वेगळे आहे: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी घुबडे पकडली जातात, म्हणून ढोलीचा पत्ता चित्राखाली न लिहिता तो घरच्या वहीत ठेवावा.