ठिपका काय सांगतो, काय नाही

आज एका लहानशा वस्तूबद्दल बोलायचं आहे. दहाच्या नाण्याहून जरा मोठा, चकतीसारखा टॅग. किल्ल्यांना अडकवा, पर्समध्ये टाका, आणि वस्तू हरवली की मोबाइलच्या नकाशावर ठिपका दिसतो. हा टॅग आमच्या बचत गटातही आला, आणि आधी आमची फजिती करून गेला. तीच गोष्ट आधी सांगतो.

गटाच्या हप्त्याचे पैसे बँकेत भरायला निघालेल्या आमच्या एका ताईंची पिशवी एसटी स्टँडवर राहिली. पिशवीत मुलाने दिलेला टॅग होता. मोबाइल उघडला, तर ठिपका स्टँडमागच्या गल्लीत, एका घरावर. आम्ही पाचजणी तडक तिथे गेलो. घरात एक बाई शिवणकाम करत बसल्या होत्या. आम्ही दारातूनच सुनावलं, “ठिपका तुमच्याच घरावर आहे, पिशवी काढा.” शेजारपाजारचे जमले. त्या बिचाऱ्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं, शिलाईच्या कपड्यांची गाठोडीसुद्धा सोडली. पिशवी नव्हती.

तेवढ्यात गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलीने सांगितलं, “मावशी, टॅगचा आवाज वाजवायचं बटण दाबा ना.” घरासमोर दाबलं, काही ऐकू आलं नाही. वळसा घालून मागे स्टँडकडे गेलो, तर चहाच्या टपरीत टिवटिव सुरू. टपरीवाल्या काकांनी पिशवी उचलून फळीखाली जपून ठेवली होती. पैसे जसेच्या तसे होते.

पैसे मिळाले, पण चार लोकांत त्या बाईंचा जो अपमान केला तो कसा भरून द्यायचा? आम्ही परत जाऊन त्यांची माफी मागितली, त्याच चार लोकांसमोर. मग ठरवलं, हा टॅग चालतो कसा हे नीट समजून घ्यायचं आणि तुम्हालाही सांगायचं.

पहिली गोष्ट म्हणजे एअरटॅगसारख्या या ब्लूटूथ टॅगमध्ये जीपीएस नसतं. आपण कुठे आहोत हे त्याला स्वतःला कळतच नाही. तो फक्त ब्लूटूथवरून बारीकशी हाक देत राहतो. जवळून जाणारा कुणाचाही मोबाइल ती हाक ऐकतो आणि स्वतः कुठे आहे ते कुलूपबंद करून इंटरनेटवरून पुढे पाठवतो. ते कुलूप फक्त टॅगच्या मालकाला उघडतं. हाक ऐकणाऱ्या मोबाइलवाल्याला यातलं काहीच कळत नाही.

म्हणजे नकाशावरचा ठिपका खरं तर त्या अनोळखी मोबाइलचा असतो. दाटीच्या घरांत मोबाइलचा स्वतःचा अंदाजही दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतो. टपरी आणि त्या बाईंचं घर यांच्यामध्ये एक भिंत. ठिपका भिंतीपलीकडे पडला, एवढंच.

ठिपक्याखाली वेळही लिहिलेली असते. आम्ही ती वाचलीच नव्हती. ‘१८ मिनिटांपूर्वी’ असेल तर १८ मिनिटांपूर्वीची ती बातमी, आत्ताची नव्हे. वस्तू कुठल्या मजल्यावर आहे, कोणी उचलली, का उचलली, हे तो सांगत नाही.

दुसरी गोष्ट, आजूबाजूला मोबाइलच नसतील तर ठिपका हलत नाही. एअरटॅगची हाक ॲपलचीच यंत्रं पुढे पोचवतात, गूगलच्या जाळ्यातल्या टॅगची हाक ॲन्ड्रॉइड फोन. स्टँडवर, बाजारात टॅग कामाला येतो. शेतात, घाटात, सुनसान रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. मुलीच्या दप्तरात टाकून निर्धास्त व्हायची ही वस्तू नाही. मुलगी मैदानावर असेल आणि ठिपका वर्गातल्या दप्तराचा असेल.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्या पर्समध्ये किंवा गाडीच्या सीटखाली दुसऱ्याच कुणी टॅग ठेवला तर? मग आपलेच फिरणं तो माणूस बघू शकतो. यावर मे २०२४ मध्ये ॲपल आणि गूगलने मिळून सोय केली. मालकापासून दूर असलेला अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरत असेल, तर मोबाइलवर इशारा येतो. ॲन्ड्रॉइड ६ पासूनच्या आणि आयओएस १७.५ पासूनच्या फोनमध्ये ही सोय आहे. ॲन्ड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात जाऊन आपण स्वतःही टॅग शोधू शकतो. पण इशारा लगेच येईलच असं नाही. आणि टॅगचा मालक आपल्याच घरात, आपल्याच सोबत असेल, तर बहुधा येणारही नाही. म्हणून मनात शंका असेल तर पर्सचं अस्तर, दप्तराचे कप्पे, गाडीची डिकी हातानेही चाचपून बघा.

टॅग सापडला तर घाईने फेकून देऊ नका. फोटो काढा. एनएफसी असलेला मोबाइल एअरटॅगच्या पांढऱ्या बाजूला टेकवला की त्याचा नंबर दिसतो, तो लिहून ठेवा. बॅटरी काढली की ठिपका थांबतो, पण ठेवणाऱ्यालाही ते कळू शकतं. त्या माणसाची भीती वाटत असेल, तर आधी विश्वासाच्या माणसाकडे किंवा पोलीस ठाण्यात जा आणि मग बॅटरी काढा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२. बाईचा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. ‘काळजीपोटी ठेवला’ असं कोणी म्हणालं, तरी न विचारता ठेवलेली पाळत ती पाळतच.

आमच्या गटाने आता नियम केला आहे. पैशाच्या पिशवीत टॅग असतो, आणि तो आहे हे सगळ्याजणींना माहीत असतं. हरवलं तर आधी वेळ वाचायची, मग जवळ जाऊन आवाज वाजवायचा. ठिपक्यावरून कुणाच्या दारात भांडायला जायचं नाही.

त्या शिवणकाम करणाऱ्या ताई आता आमच्याच गटात आहेत. हिशेबाची वही त्यांच्याकडे असते.