सायकलीचा मीटर कसा निवडावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची मला सवय नाही. परंतु आपल्यापैकी काहीजणी सकाळी सायकलीवर जाऊ लागल्या आहेत आणि ‘मीटर कोणता घ्यावा?’ असे मला विचारतात, म्हणून चार शब्द सांगते.

दुकानात याला सायकल कॉम्प्युटर म्हणतात. नावाला भिऊ नये. चाकाच्या आऱ्याला एक लहान लोहचुंबक बसवतात आणि पुढच्या चिमट्याला सेन्सर. चुंबक सेन्सरसमोरून गेला की एक फेरा मोजला जातो. फेऱ्यांना चाकाच्या घेराने गुणले की अंतर आले!

वायरचा मीटर सर्वांत स्वस्त, आणि नाण्याएवढा सेल पुष्कळ दिवस पुरतो. बिनवायरचा दिसायला नीटस, पण सेन्सरलाही निराळा सेल लागतो. तिसरा उपग्रहावरून अंतर काढतो, रस्ताही दाखवतो. तो महाग, आणि वरचेवर चार्ज करावा लागतो. नेहमीच्याच रस्त्याने जाणारीला वायरचा पुरे. मी तोच घेतला. आपल्याला चाळिशी लागलेली, तेव्हा आकडे मोठे आहेत ना, एवढे मात्र दुकानातच पाहावे.

चाकाचा घेर मीटरमध्ये आपणच भरायचा असतो. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, सायकलीवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा पुढे जावे, आणि दोन खुणांमधले अंतर दोरीने धरून मोजावे. शिवणाची टेप दीड मीटरचीच असते. घेर 2100 मिलिमीटर असता 2000 भरला, तर 20 किलोमीटर गेल्यावर मीटर 19 च दाखवील.

घरची मंडळी म्हणतात, “तुला का शर्यतीला जायचे आहे?” शर्यत नाही हो. पण साखर वाढली की डॉक्टर विचारतात, “रोज किती फिरता?” तेव्हा ‘बरेच’ हे उत्तर चालत नाही. शिवाय दिवसभर आपण घरात किती खपतो, त्याचे माप कोणी ठेवत नाही. सकाळचे आठ किलोमीटर तरी आकड्यात दिसतात, आणि ते आपले स्वतःचे असतात.

ज्यांना घेर मोजायचा असेल त्यांनी सायकल घेऊन माझ्या अंगणात यावे. खडू आणि दोरी मी काढून ठेवीन.