शेजारी बसून शिकलेली विद्या

(अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, स्नेक नदीच्या खोऱ्यात भरलेल्या आदिम कौशल्यांच्या शिबिरात पहिल्या सायंकाळी दिलेले भाषण)



सूर्य टेकडीआड गेला आहे आणि थोड्याच वेळात थंडी वाढू लागेल. म्हणून मी आपला फार वेळ घेणार नाही. येत्या सहा दिवसांत आपण लाकडावर लाकूड फिरवून अग्नी निर्माण करणे, दगडाच्या कपच्या काढून पाते घडविणे, सालीच्या तंतूंपासून दोरी वळणे, टोपल्या विणणे आणि कातडे कमावणे या गोष्टी शिकणार आहोत. त्या कशा करावयाच्या हे त्या त्या गोष्टींचे जाणकार उद्या सकाळपासून दाखवतीलच. आज मला एका वेगळ्याच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते तरी कशी, आणि ती घेणाऱ्यावर कोणते ऋण येते?

आरंभ माझ्या फजितीपासून करतो. तरुणपणी मी अग्नी पेटविण्याची कृती पुस्तकातून शिकलो होतो. आकृत्या मला तोंडपाठ होत्या. खाली खाच पाडलेली कोरडी फळी, तिच्यावर उभी काडी, काडीला दोरीचा वळसा देऊन ती फिरविणारा कमठा, आणि वरून दाब देण्यासाठी हातात धरावयाचा खोलगट दगड. सुतार कमानीने गिरमिट फिरवतो, तसाच हा प्रकार. अशाच एका शिबिरात मी तीन दिवस कमठा ओढीत बसलो. धूर निघे, डोळे चुरचुरत, हाताला फोड येत. पण निखारा काही पडत नसे. फळीतून निघणारी भुकटी तपकिरीच राही.

तिसऱ्या दिवशी एक वृद्ध बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ त्या नुसत्या पाहत होत्या. मग काही न बोलता त्यांनी माझे डावे मनगट माझ्या नडगीला घट्ट टेकवून दिले आणि त्या उठून गेल्या. काडीचे डगमगणे थांबले. दाब एकाच जागी पडू लागला. भुकटी काळी होऊन खाचेत साठू लागली. मी थकून कमठा थांबविला, तरी त्या चिमूटभर भुकटीतून धुराची रेघ निघतच राहिली. तीच निखाऱ्याची खूण. काळी भुकटी खाचेत दाटून बसली, की स्वतःची उष्णता स्वतःच धरून ठेवते. हे सारे माझ्या पुस्तकात छापलेले होते. मनगट नडगीला टेकवावे, हेसुद्धा छापलेले होते. मी ते वाचले होते. माझ्या हाताला मात्र ते कळले नव्हते.

आता आपणांस एका माणसाची हकीकत सांगतो. या देशात दगडी पाती घडविणाऱ्या किंवा लाकडी धनुष्य तासणाऱ्या प्रत्येकाने ती जाणून घेतली पाहिजे, असे मला वाटते.

ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल या गावाबाहेर, एका कत्तलखान्याच्या आवारात, उपासमारीने खंगलेला एक मनुष्य आढळला. त्याची भाषा कोणालाही समजेना. तेव्हा त्याला गावच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तो याही लोकांपैकी होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, सोन्याचा शोध लागल्यानंतर तेथे लोटलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी या लोकांच्या कत्तली केल्या होत्या. वाचलेली मूठभर माणसे डियर क्रीकच्या दऱ्याखोऱ्यांत कित्येक वर्षे लपून राहिली, आणि एकेक करून संपली. उरला तो हा एकटा. विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ टी. टी. वॉटरमन त्याला भेटावयास गेले. त्यांच्याजवळ शेजारच्या याना बोलींतील शब्दांची यादी होती. शब्दामागून शब्द ते उच्चारीत गेले. समोरचा चेहरा निर्विकार होता. अखेर त्यांनी ‘सिविनी’ हा शब्द उच्चारून खाटेच्या चौकटीवर बोट वाजविले. सिविनी म्हणजे पिवळा पाईन वृक्ष. त्या माणसाचा चेहरा उजळला. या दोघांमध्ये पहिला सेतू बांधला गेला तो एका लाकडाच्या नावाने.

त्याने आपले खरे नाव कधीच सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणावयास सुरुवात केली. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ केवळ ‘माणूस’ असा होता. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याची राहण्याची सोय झाली. रविवारी तेथे गर्दी लोटे. इशी लोकांसमोर काडी फिरवून अग्नी निर्माण करी, ज्वालामुखीच्या काळ्या काचेच्या कपच्या काढून बाणाची टोके घडवी, आणि तयार झालेली टोके प्रेक्षकांना देऊन टाकी. हजारो लोकांनी हे पाहिले. पण त्यांतील कितीजणांना बाणाचे टोक घडविता आले? ते टोक खिशात घालून घरी गेले; ते घडविणारा हात मागेच राहिला.

वैद्यकीय महाविद्यालयात शल्यक्रिया शिकविणारे डॉ. सॅक्स्टन पोप मात्र इशीच्या शेजारी बसले. ते त्याचे वैद्य होते. पुढे मित्र झाले. जुनिपरच्या लाकडाचे आणि पाठीवर स्नायूंचे तंतू बसविलेले इशीचे धनुष्य त्यांनी घडताना पाहिले, त्याच्याबरोबर रानात नेम धरला, आणि जे शिकले ते पुढे ग्रंथरूपाने मांडले. याही लोकांच्या धनुर्विद्येवरील त्यांचा अभ्यास १९१८ साली आणि धनुष्यबाणाने शिकार करण्यावरील त्यांचे पुस्तक १९२३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत या विद्येविषयी पुन्हा जी आवड निर्माण झाली, तिचे बरेचसे श्रेय या मैत्रीकडे जाते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इशी बाटलीच्या काचेचीही टोके घडवी, आणि कपच्या काढण्यासाठी लोखंडाचे टोक त्याला हरणाच्या शिंगाइतकेच, किंबहुना अधिक, सोयीचे वाटे. आपल्यापैकी काहीजण येथे आल्यावर पोलादी सुरीकडे तिरस्काराने पाहू लागतात. इशीला असल्या सोवळेपणाची गरज भासली नाही. सामग्री बदलली, तरी हाताचे ज्ञान तेच राहिले.

पुढे १९९०च्या दशकात स्टीव्हन शॅकली या पुरातत्त्वज्ञांनी इशीची टोके बारकाईने तपासली. त्यांची घडण याही लोकांच्या जुन्या टोकांपेक्षा शेजारच्या विंटू आणि नोमलाकी लोकांच्या टोकांशी अधिक जुळते, असे त्यांना दिसले. इशी ही विद्या त्या लोकांतील एखाद्या आप्ताकडून शिकला असावा, असा त्यांचा तर्क आहे. तो खरा असेल तर पाहा: ज्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, त्या गुरूचा हात दगडावर उमटून राहिला.

आणि आपण या माणसाची परतफेड कशी केली? २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला. त्याच्या देहाची चिरफाड होऊ नये, म्हणून क्रोबर यांनी दुरून पत्र लिहिले. ते पोहोचेपर्यंत ती झाली होती. त्याचा मेंदू काढून ठेवण्यात आला, आणि पुढे तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठविला तो क्रोबर यांनीच. तो त्याच्या नात्यातील लोकांच्या हाती येण्यास २००० साल उजाडावे लागले. विद्येचे कौतुक करणाऱ्यांकडूनही विद्यावंताची अवहेलना होऊ शकते, याचे याहून दुःखद उदाहरण मला ठाऊक नाही.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. मी स्वतः अनेक वर्षे तंतूंची दोरी वळावयास शिकवीत होतो. प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यावयाचा आणि दोन्ही पेड उलट दिशेने एकमेकांवर वळवावयाचे, म्हणजे पीळ पिळाला धरून ठेवतो. एकदा शोशोनी लोकांपैकी एका तरुणाने मला शांतपणे विचारले, “ही वळणी आपण कोणाकडून शिकलात?” मी पुस्तकाचे नाव सांगितले. त्याने पुन्हा विचारले, “आणि त्या पुस्तकाने कोणाकडून शिकली?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. हे खोरे त्याच्या पूर्वजांचे. फोर्ट हॉल येथे शोशोनी आणि बॅनॉक लोक आजही राहतात. आणि मी त्यांच्याच भूमीवर उभा राहून ती दोरी जणू माझ्या घरची म्हणून शिकवीत होतो.

तेव्हा आपणांस माझी विनंती एवढीच आहे. उद्या ज्यांच्यापाशी शिकावयास बसाल, त्यांना प्रथम विचारा की त्यांनी हे कोणाकडून घेतले. ते नाव लक्षात ठेवा, आणि दुसऱ्याला शिकवाल तेव्हा ते सांगा. नाव ठाऊक नसेल तर त्या लोकांचे नाव सांगा. सहा दिवसांत सर्व काही शिकण्याची घाई करू नका. एकच वस्तू घ्या आणि ती बिघडू द्या. आपले टोक मोडले, तर त्याचे तुकडे टाकून न देता जाणकारांना दाखवा. घाव कोठे चुकला हे त्यांना त्यावरून वाचता येते. आणि शेजारच्याचा हात अडला आहे असे दिसले, तर लांबलचक उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, थोडा वेळ पाहा, आणि जमल्यास त्याचे मनगट नीट टेकवून द्या.

फळ्या आणि काड्या तिकडे ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत. रात्री दव पडते. आपापली जोडी निवडून अंथरुणाशेजारी कोरडी ठेवा. सकाळी चहाचे पाणी आपल्याच अग्नीवर तापवावयाचे आहे.