ओकारी येण्यापूर्वींच
(ज्युबिलीच्या सभेंत वाचलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या आनंदाच्या दिवसांत आजाराचा विषय घेऊन आम्ही आपणांपुढें उभे राहिलों आहों, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्याच्या नात्यागोत्यांत कर्करोगाची एकहि वार्ता आलेली नाहीं, असें घर आपल्या धर्मग्रामांत आतां क्वचितच सांपडेल. अशा घरीं समाचारास गेलें असतां रोगापेक्षां केमोचीच धास्ती अधिक, आणि केमोमध्येंहि ओकाऱ्यांची, असें पुष्कळदां ऐकूं येतें. या धास्तीपायीं कोणी उपचार अर्ध्यावर सोडतो, तर कोणी मुळीं आरंभच करीत नाहीं. म्हणून हा विषय घेतला.

ही धास्ती एके काळीं खोटी नव्हती. १९६५ मध्यें अमेरिकेंतील मिशिगन येथें बार्नेट रोझेनबर्ग हे विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो तें पाहत होते. त्यांच्या उपकरणांतील प्लॅटिनमपासून तयार झालेलें द्रव्य जंतूंचें विभाजन थांबवितें, असें त्यांस दिसून आलें. त्यांतूनच सिस्प्लॅटिन हें औषध निघालें, व १९७८ मध्यें अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. वृषणाच्या कर्करोगानें मरावयाचे ते तरुण त्यामुळें बरे होऊं लागले. पण प्रतिबंधक उपाय न करतां तें दिलें, तर शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक रोग्यांस वांत्या होत. बादली उशाशीं घेऊन रात्र काढणें हा उपचाराचाच भाग समजला जाई. वडील माणसांच्या आठवणींतली केमो ती ही.

सर्वच औषधें अशीं नव्हेत, हेंहि सांगितलें पाहिजे. सिस्प्लॅटिन, किंवा स्तनाच्या कर्करोगांत पुष्कळदां देतात ती डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फमाइड यांची जोडी, यांचा त्रास फार मोठा. उलट व्हिन्क्रिस्टिनसारख्या औषधानें शंभरांत दहांनाहि ओकारी होत नाहीं. तेव्हां शेजारणीस काय झालें यावरून आपणांस काय होईल तें ठरवूं नये. शिवाय माणसामाणसांत फरक आहे. तरुण स्त्रिया, ज्यांना गाडी लागते असे लोक, गरोदरपणीं ज्यांस फार ओकाऱ्या झाल्या अशा बाया, यांस त्रास अधिक होतो, व डॉक्टरांस हें आधींच सांगणें अगत्याचें आहे. फार वर्षें दारू पिणाऱ्यांस तो कमी होतो असें आढळलें आहे. पण सभेंतील पुरुषमंडळींनीं त्यापासून कांहीं बोध घेऊं नये.

ओकारी येते ती औषध पोटांत जातें म्हणून नव्हे. शिरेंतून दिलें तरी ती येतेच. लहान आंतड्याच्या अस्तरांत कांहीं पेशी जणूं पहारेकऱ्यासारख्या बसलेल्या असतात. केमोच्या औषधानें त्या दुखावल्या कीं त्यांतून सेरोटोनिन नांवाचें द्रव्य सुटतें, मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूस ‘विष आलें’ अशी वर्दी जाते, आणि मेंदू पोट रिकामें करूं पाहतो. हा पहिल्या दिवसाचा प्रकार झाला. दुसऱ्या दिवसापासून पांचव्या दिवसापर्यंत जो त्रास होतो त्यांत मुख्य हात दुसऱ्या द्रव्याचा. त्यास सब्स्टन्स पी म्हणतात. १९३१ मध्यें लंडनमध्यें फॉन ऑइलर व गॅडम यांनीं तें शोधून काढलें. सिस्प्लॅटिन घेतलेल्या रोग्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं हा त्रास सर्वांत जास्त होतो. घरच्यांचा घोटाळा होतो तो नेमका येथेंच.

आमच्या ओळखीच्या एका बाईंची हकीकत सांगतों. पहिल्या केमोच्या दिवशीं त्यांस कांहींच झालें नाहीं. घरीं नेण्यासाठीं दिलेल्या गोळ्या त्यांनीं ‘आतां बरें आहे, उगाच औषधें कशाला’ म्हणून कपाटांत ठेविल्या. तिसऱ्या दिवशीं वांत्या सुरू झाल्या त्या दोन दिवस राहिल्या. पुढच्या वेळीं डॉक्टरांनीं ‘कसें काय?’ विचारलें, तेव्हां बाहेर रांग मोठी, डॉक्टर थकलेले, म्हणून बाई ‘ठीक आहे’ एवढेंच बोलल्या. दुसऱ्या केमोसहि तेंच झालें. तिसऱ्या वेळीं तर रुग्णालयाच्या जिन्यांत स्पिरिटचा वास येतांच, सुई टोंचण्याच्या आधींच, त्यांस ओकारी झाली, व तेथूनच त्यांनीं घरीं परत फिरण्याचा हट्ट धरला. हा तिसरा प्रकार. शरीर वास व जागा लक्षांत ठेवतें, आणि एकदां ती संवय जडली म्हणजे गोळ्यांनीं सहसा हटत नाहीं. मन शांत करणारें औषध, दीर्घ श्वसन, स्नायू सैल सोडण्याचा सराव यांचा थोडाबहुत उपयोग होतो. पहिल्या केमोस ओकारी होऊंच दिली नाहीं तर ही संवय जडावयाची नाहीं. सुदैवानें बाईंची मुलगी बरोबर होती. तिनें सर्व कांहीं सांगितलें, औषधें बदललीं, आणि उपचार पुरा झाला.

आज हातांत साधनें बरीच आहेत. सेरोटोनिनचा मार्ग अडविणारें ऑन्डान्सेट्रॉन १९९१ मध्यें व सब्स्टन्स पीचा मार्ग अडविणारें अप्रेपिटंट २००३ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. त्यांच्या जोडीस डेक्सामेथासोन असतें. हीं केमोच्या आधीं द्यावयाचीं. वांत्या सुरू झाल्यावर धांवाधांव करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. चौथें औषध ओलान्झापिन. तें मूळचें मनोविकारांवरचें, म्हणून कोणी तरी ‘हें तर वेडाचें औषध’ असें म्हणतो आणि घरचे लोक तें गुपचूप बंद करतात. कृपा करून तसें करूं नका. मळमळीवर तें फार गुणकारी आहे. त्यानें गुंगी मात्र येते. यासंबंधीं मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्यें चांचणी झाली व ती २०२४ मध्यें प्रसिद्ध झाली. नेहमींच्या १० मिलिग्रॅमऐवजीं अडीच मिलिग्रॅम दिलें तरी गुण तेवढाच येतो व गुंगी पुष्कळ कमी होते, असें तींत दिसून आलें. तेव्हां गुंगी असह्य झाली तर गोळी टाकून न देतां मात्रेविषयीं विचारावें. डेक्सामेथासोननें झोंप उडते व मधुमेह्याची साखर वाढते, म्हणून तें सकाळीं जेवल्यावर घ्यावें व साखर तपासावी. ऑन्डान्सेट्रॉननें मलावरोध होतो, आणि मलावरोधानेंच पुन्हां मळमळतें. हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. पोट रिकामें ठेवूं नये व भरूंहि नये. दोन-दोन तासांनीं थोडी पेज, भाकरीचा तुकडा, निवलेलें वरण द्यावें. निवलेल्या अन्नास वास कमी येतो. त्या आठवड्यांत सुके बोंबील भाजणें व बाटली-मसाल्याची फोडणी देणें बंद ठेवावें. शेजाऱ्यांनींहि थोडा संयम केल्यास उपकार होतील. रोग्याचा अत्यंत आवडता पदार्थ केमोच्या दिवशीं लाडानें खाऊं घालूं नये. १९७८ मध्यें सिएटलच्या इलीन बर्नस्टाइन यांनीं केमोपूर्वीं मुलांस एका वेगळ्या चवीचें आइस्क्रीम दिलें. पुढें तीं मुलें त्याच आइस्क्रीमला नाकें मुरडूं लागलीं. आल्याचा तुकडा चघळल्यानें कांहींना बरें वाटतें. पण गोळीऐवजीं आलें नव्हे.

कित्येक रोगी कम्युनियनसाठीं उपाशीं राहतात व त्यानें मळमळ वाढते. धर्मविधानाप्रमाणें आजाऱ्यांस व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांस एक तासाचा उपास लागू नाहीं. गिळणें जड जात असेल तर अगदीं लहान तुकडाहि पुरतो. फादरांस तसें सांगावें, संकोच करूं नये.

गोळी घेतांच ओकून पडली तर आपल्या मनानें दुसरी देऊं नये, फोन करून विचारावें. दिवसभर पाणीहि ठरलें नाहीं, लघवी फार कमी झाली, उभें राहतां घेरी आली, किंवा १००.४ अंश ताप आला, तर सकाळची वाट पाहूं नये. सिस्प्लॅटिन घेणाऱ्याचें मूत्रपिंड अशा कोरडेपणानें बिघडूं शकतें. रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेवावा, व त्याखालीं कोणत्या दिवशीं किती वांत्या झाल्या याची नोंद करावी. पुढच्या खेपेस तोच कागद डॉक्टरांपुढें ठेवावा.