पट कमी असेल तिथे आधी गाणं



देवगडच्या या संमेलनाच्या समारोपाला अध्यक्षाने गोड बोलावं अशी रीत आहे. आज ती मोडतो. सकाळच्या चर्चेत शाळकरी मुलांसाठी शास्त्रीय गाण्याच्या मोफत मैफलींचा विषय निघाला, तेव्हा मांडवातून आवाज आला, ‘पोरांका ह्यातला काय कळतला?’ आणि तुम्ही खळखळून हसलात.

मग भजनाची डबलबारी कुणाला कळते हो? रात्रीचे दोन वाजलेत, पखवाज तापलाय, बुवांचा गजर चढत चाललाय आणि पुढच्या रांगेतलं चौथीतलं पोर बरोबर समेवर मान टाकतंय. त्याला कुठल्या क्लासात घातलं होतं? दशावतारातली पदं ऐकत वाढलेल्या मुलांना यमन झेपणार नाही, हे ठरवणारे आपण कोण? आपल्यालाच लहानपणी कोणी समोर बसवून ऐकवलं नाही, ही खरी गोम आहे.

मोबाइलवर सगळं मिळतं म्हणता. मिळतं की! पण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला, की इतका वेळ मुकी असलेली तार एकदम झणकारते, ते चार हातांवरून बघावं लागतं. तबलजी गठ्ठ्यावर हातोडी घालतो, कान लावतो, पुन्हा घालतो. पोरं ते डोळे फाडून बघतात. म्हणून स्टेज नको, भिंतीएवढे स्पीकर तर नकोतच. वर्गात सतरंजी घाला, पुरे.

राहिला पैसा. किरण सेठ या आयआयटीतल्या प्राध्यापकाने १९७७ साली दिल्लीत स्पिक मॅके ही संस्था सुरू केली आणि नामवंत कलाकार शाळा-कॉलेजांत विद्यार्थ्यांपुढे विनातिकीट गाऊ-वाजवू लागले. हेच सेठ २०२२ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, या कामासाठी काश्मीरहून कन्याकुमारीकडे सायकलने निघाले. आणि आपल्याला कणकवलीला उतरलेल्या गवयासाठी गाडी पाठवणं जड! त्याच १९७७ साली केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. बाई शेजारच्या गोव्यातल्या, केरीच्या. तसलं गाणं आपल्या वाडीवरच्या शाळेपर्यंत मात्र अजून पोचायचंय.

एक बजावून सांगतो. मोफत ते मुलांना. कलाकाराला शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावायची आपली जुनी खोड इथे चालणार नाही. मानधन आणि प्रवासखर्च रोख द्यायचा.

सरकार करील म्हणून बसलात तर बसूनच राहाल. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल, तरच कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. आपल्या शाळांचे पट मी सांगायला नकोत. तिकडे शहरातली मुलं क्लास लावून संगीताच्या परीक्षा देतात, दहावीला वाढीव गुण घेतात. आपली मुलं त्या शर्यतीच्या यादीतसुद्धा नाहीत, आणि आपण इथे साहित्य-संस्कृतीवर परिसंवाद झोडतोय!

तेव्हा ठराव मांडतो. पुढच्या वर्षी या संमेलनाचा मांडव निम्मा करावा, स्मरणिका छापूच नये, आणि वाचलेल्या पैशातून आंब्याची गडबड सुरू व्हायच्या आत तालुक्यातल्या शाळांत मैफली कराव्यात. नाइट क्रिकेटला ढाली देणाऱ्या बागायतदारांनीही हात सैल सोडावा. पहिली मैफल सर्वांत कमी पटाच्या शाळेत.

सूचक मी. अनुमोदन सकाळी हसलेल्यांपैकी कोणीतरी द्यावं.